मापाचं पोलकं

१० डिसेंबर २०२४, मंगळवार. पिपरी मेघे

ही वही मॅडमने कपड्यांच्या नोंदीसाठी दिली. कपडा कोणाचा, कोणत्या साली शिवला, कुठं उसवला, एवढंच लिहायचं होतं. पण गाडीत बसून बसून कंटाळा आला आणि मी तिच्यात काहीबाही लिहीत सुटलो. आता हात थांबत नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितो आहे. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. वाचणार मीच, म्हणून चालतंय.

बंगळुरूला मॅडमचं दुकान आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बायका-पोरी घालत ते झगे तिथं मिळतात. कमरेत बारीक, खाली मोठा घेर, कापडानं मढवलेली बटनं. आजकालच्या पोरींना त्याचं भारी वेड. अशा झग्यांचे टाके उसवून तो झगा नव्या अंगाला बसवणं हे माझं काम. याच्या आधी मी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, ढाब्यावर होतो, तिरुपूरला बनियनच्या कंपनीत होतो. ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. इथं मात्र चौदा महिने टिकलो. मी एकदा सहज म्हणालो की आमच्या वर्ध्याकडं लोक काही फेकत नाहीत, तर मॅडमने महिनाभरासाठी इकडंच पाठवलं. चांगला माल आणला तर अल्टरेशनचं सगळं काम माझ्या हातात देणार आहेत.

मोठ्या बहिणीकडं, वर्षालीताईकडं उतरलो आहे. ताई दवाखान्यात वार्डाची साफसफाई करते. मला पाहून आधी रडली, मग जेवायला वाढलं, मग शिव्या दिल्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवसांत पिपरी मेघे आणि सिंदी मेघे पायाखाली घातलं. हाती काही नाही. लोकांना वाटतं मी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवाल्यांपैकी आहे. शोभाबाई नावाच्या एका काकूनं विचारलं, कपड्यावर गंज देतो का परात? मी म्हटलं भांडी नाहीत, रोख पैसे देतो. तर तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "पैसे घिऊन जुने कपडे कोन इकते बाप्पा? आमी का भिकेले लागलो?"

संध्याकाळी ताईनं डोक्यावर हात मारला. म्हणाली, भांडं दिलं तर तो व्यवहार, पैसे दिले तर तो अपमान, एवढं तुला कळत नाही, बंगळुरूत राहून अक्कल गहाण टाकली काय. उद्या बाजारातून स्टीलचे गंज, म्हणजे उभी पातेली, घेणार आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

दोन गंजांत तीन झगे आले. शोभाबाईच्या सासूचा एक, ऑर्गंडीचा, बाह्या फुग्याच्या. ताईनं सांगितलं म्हणून जमलं. तिला तसं म्हणालो तर म्हणाली, जेव गुपचूप.

१६ डिसेंबर, सोमवार

आज खरा माल दिसला. सिंदी मेघेत शरयू बाई राहतात, मुलींच्या शाळेतून रिटायर झालेल्या. वय त्र्याऐंशी, एकट्याच असतात, मुलगा पुण्याला. गंज पाहून हसल्या. म्हणाल्या, भांडी पुष्कळ आहेत, तू बस आणि चहा घे.

मग ट्रंकेतून निळा झगा काढला. कॉटनचा, पांढरी बारीक फुलं, पुढं नऊ बटनं, कंबर माझ्या तीन वितींची. मी आत उलटून पाहिला आणि तसाच उजेडाकडं घेऊन गेलो. आतली शिलाई बाहेरच्यापेक्षा सुंदर. प्रत्येक जोडावर दोन बोटं रुंद कापड जास्तीचं दाबून ठेवलेलं.

त्याची गोष्ट बाईंनी सांगितली. १९६३ साली नोकरी लागली. नागपूरला ट्रेनिंग करताना खोलीत गोव्याची मुलगी होती, ती असे झगे घालायची. पहिल्या पगारात बाईंनी कापड घेतलं आणि डोमाजी टेलरला चित्र दाखवून हा शिवून घेतला. तो घालून शाळेत गेल्या, तर हेडमास्तरांनी दारातूनच परत पाठवलं, साडी नेसून या म्हणाले. त्या घरी गेल्या, साडी नेसून आल्या, आणि मग छत्तीस वर्षं साडीच.

आता ५ जानेवारीला शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात. सगळ्यात जुन्या शिक्षिका म्हणून बाईंना भाषणाला बोलावलं आहे. बाई म्हणाल्या, "मला हा घालून जायचं आहे. त्याच दारातून. तू बसवून दिलास तर दुसऱ्या दिवशी झगा तुझा. गंजही नको."

मी लगेच हो म्हटलं. फोटो पाठवला तर मॅडमचे तीन फोन आले. म्हणाल्या, हा एक आणलास तर बाकी काही नाही आणलं तरी चालेल.

१७ डिसेंबर, मंगळवार

माप घ्यायला गेलो. बंगळुरूत मी बायकांचं माप टेपनंच घेतो, कोणालाच काही वाटत नाही. पण इथं बाईंसमोर टेप बाहेर निघेना. शाळेतल्या बाई त्या. बाईंनीच पेटीतून एक पोलकं काढून दिलं. म्हणाल्या, इथं असंच चालतं, मापाचं पोलकं न्यायचं आणि त्यावरून शिवायचं. दोघंही सुटलो.

पोलकं पांढरं, जरा पिवळसर झालेलं, अंगासरशी शिवलेलं, छातीवरचे टक्स दोन्हीकडं सारखे. कंबर तेवढी त्यांनी ब्लाउजवरून दोरा बांधून दिली. बाई वयाच्या मानानं बारीकच आहेत, तरी कमरेत एकोणतीस, आणि झग्याची कंबर चोवीस. म्हणजे पाच इंच वाढवायची. होईल.

२१ डिसेंबर, शनिवार

चार दिवस टाकेच उसवतो आहे. एक टाका तुटला की दुसरा सुईच्या टोकानं उचलायचा. मशीन कोणतं होतं कोण जाणे, टाका मुंगीच्या पावलाएवढा.

जोड उघडले तर आत दाबलेलं कापड गडद निळं निघालं, मोरासारखं. बाहेरचं उन्हानं फिकट झालेलं. एकसष्ट वर्षं त्याला ऊनच लागलं नव्हतं. आता दोन्ही बगलांखाली ते बाहेर येईल आणि गडद पट्टे दिसतील. मॅडम म्हणतील रंग जुळवून घे. मला तसेच आवडले.

डोमाजी टेलरनं तेव्हाच एवढं कापड आत ठेवलं म्हणून हे होतंय. त्या माणसाला मी पाहिलंही नाही आणि मनातल्या मनात रोज रामराम घालतो.

ताईच्या घरची मशीन, खिडकीतलं ऊन, बाजूला चहा. तिरुपूरला दिवसाला पाचशे बाह्या जोडायचो, एकही आठवत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

वाट लागली.

ट्रायलला गेलो. बाई आतून घालून आल्या. कंबर बरोबर, खांदे बरोबर, घेर तर असा पडला की मीच खूश. पण पुढून डावी बाजू रिकाम्या पिशवीसारखी लोंबली. उजवी अगदी नीट. मी टाचणी घेऊन पुढं झालो, तर बाई दोन पावलं मागं सरकल्या. आरशात पाहिलं. पदर ओढतात तसा हात डाव्या खांद्यावर गेला, पण पदर नव्हता.

मग म्हणाल्या, "राहू दे आदेश. तुझं काही चुकलं नाही. साडीच नेसते मी. झगा घेऊन जा तू."

माझंच चुकलं असणार, नाहीतर कोणाचं? घरी येऊन पोलकं झग्यावर ठेवून दहादा मोजलं. सुताचाही फरक नाही. टक्स दोन्हीकडं सारखे, उंची सारखी. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहून बाईंचा एक खांदा पडला असेल का? पण लिहिणारा हात तर उजवा.

२५ डिसेंबर, बुधवार

काही केलं नाही. मॅडमचा फोन आला. मी सांगितलं, बाई साडी नेसणार आहेत. त्या म्हणाल्या, मग तर बरंच झालं, झगा घे आणि निघ.

बॅग भरायला घेतली. ताईनं पाहिलं. म्हणाली, "बिघडलं की पयते. जिनिंगातून पयाला, ढाब्यावरून पयाला. ह्या बाईपासून बी पयशीन?"

मी म्हटलं बाईंनीच नको म्हटलं. ती म्हणाली, कोणत्या बाई? मी नाव सांगितलं, घर सांगितलं. ताईनं हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, ह्या बाई दोन वर्षांमागं माझ्याच वार्डात होत्या, किरणं देतात त्या वार्डात. मी विचारलं, काय झालं होतं? "आता बऱ्या हायेत," एवढंच म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

किरणं म्हणजे आमच्या शेजारच्या अण्णाजींच्या गुडघ्याला देत होते तसा शेक असेल. म्हणजे खांद्याचंच काहीतरी आहे, माझा अंदाज बरोबर होता.

बॅग पुन्हा रिकामी केली.

२६ डिसेंबर, गुरुवार

डोमाजींना शोधून काढलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतात, ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण बोटं अजून कापड पाहतात. झगा हातात दिला तर आधी आतून चाचपला. म्हणाले, "हा माह्याच हातचा. तवा नुकतंच मिसरूड फुटलं होतं मले." आणि किती वेळ मांडीवर घेऊन बसले.

सगळं सांगितलं. त्यांनी मापाचं पोलकं मागितलं. बगल हुंगल्यासारखी जवळ नेऊन पाहिली, काज पाहिले, अस्तर पाहिलं. म्हणाले, हे घालून निदान तीन वर्षं झाली, अंगावरचं कापड असं पिवळं पडत नाही, हे पेटीतलं पिवळं आहे. बाईंनी जुनं पोलकं दिलं तुला.

मी म्हटलं, बाईंसारखी हुशार बाई जुनं कशाला देईल? डोमाजींनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तुले मोटारगाडीवाल्याइचे कपडे शिवता येते, पन तू हायेस लेकरूच."

मग त्यांनी सांगितलं ते नीट लिहून ठेवतो. डाव्या बाजूचे टक्स काढून टाकायचे. त्या जागी बारीक चुन्नट, खांद्यापासून सोडलेली. घेराच्या आतली दुमड चार बोटं आहे, ती कापून तिचा एक तिरपा पदरासारखा पट्टा करायचा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत, बटनांच्या वरून. पाहणाऱ्याला वाटेल मुळातच अशी फॅशन होती.

निघताना माझा हात धरला. "पन माप घेजो. टेपनं. मी जिंदगीत एका बी बाईचं माप आंगावर नाई घेतलं, तशी रीत नोती. पोलक्यावर पोलकं शिवत गेलो. बाया बदलत गेल्या, अन् मी आपला जुन्याच मापाचं शिवून राह्यलो. कोनीच काई बोललं नाई, घट्ट झालं तरी घालत होत्या."

२८ डिसेंबर, शनिवार

बाईंकडं गेलो. म्हटलं, पोलकं जुनं आहे, टेपनं माप घ्यावं लागेल. नको म्हणाल्या. मी म्हटलं, डोमाजीकाकांनी सांगितलंय. ते जिवंत आहेत हे बाईंना ठाऊकच नव्हतं. एवढ्या जवळ राहतात दोघं.

तरी नकोच म्हणाल्या. मी फाटकापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, उद्या दहाला ये.

२९ डिसेंबर, रविवार

बाईंनी टेप माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, तू भिंतीकडं तोंड करून बस आणि लिहून घे.

मी वही उघडून बसलो. मागून त्या शुद्धलेखन घालतात तसं प्रत्येक आकडा दोनदा सांगू लागल्या. खांदा. पाठ. मुंढा. मग म्हणाल्या, "मधल्या रेषेपासून उजवीकडं बगलेपर्यंत साडेनऊ. साडेनऊ. डावीकडं..."

थांबल्या. मी पेन टेकवून बसलो. बाहेर कोणीतरी भाजी विकत होतं, मेथी मेथी ओरडत. तो पुढच्या गल्लीत गेला.

"डावीकडं सात," म्हणाल्या. "लिहिलंस? सात."

"लिहिलं बाई."

"काही विचारायचं आहे तुला?"

एकच विचारायचं होतं, ते विचारलं. डावीकडं झोळ नको का घट्ट नको? बाई म्हणाल्या, दोन्ही नको.

मग मी म्हटलं, दोन्ही बाजू सारख्या कोणाच्याच नसतात बाई, माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, दुकानदार एका मापाची एक आणि दुसऱ्या मापाची दुसरी चप्पल देत नाही, म्हणून उजवा अंगठा कायम बाहेर. बाई हसल्या. पाठमोरा होतो म्हणून दिसलं नाही, पण खूप वेळ हसत होत्या आणि नंतर नाक पुसल्याचा आवाज आला. सर्दी असावी, थंडी आहेच.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

झालं. पट्टा गडद निळा आला, कारण दुमडीतल्या कापडालाही ऊन लागलं नव्हतं. फिकट झग्यावर तो असा काही उठून दिसतो. ताईला दाखवला. तिनं चुन्नटीवरून बोट फिरवलं, मग माझ्या डोक्यावरून. म्हणाली, "मायच्या वेळी तू लहान होतास, नाहीतर तिच्यासाठी बी केलं असतंस." माय गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. ती दवाखान्यात होती एवढंच मला आठवतं. ताईनं झगा घडी करून माझ्या हातात दिला.

ट्रायलला बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. मला म्हणाल्या, आता जा, मला जरा चालून पाहायचं आहे.

५ जानेवारी, रविवार

शाळेच्या फाटकापाशी मी डोमाजीकाकांना ऑटोतून घेऊन गेलो होतो. बाई पायी आल्या. निळा झगा, पांढरे मोजे, गळ्यात काही नाही. रांगोळीजवळच्या पोरी आधी फिदीफिदी हसल्या, मग मागच्या पोरी पुढं यायला लागल्या. साठीच्या एक बाई, शरयू बाईंच्याच विद्यार्थिनी, मोठ्यानं म्हणाल्या, "या बाई, आज कोनी घरी नाई धाडत तुमाले." सगळे हसले. बाई दारात क्षणभर थांबल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

भाषण दहाच मिनिटं झालं. म्हणाल्या, मला एकदा या दारातून परत पाठवलं होतं तेव्हा मी वाद घातला नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण शाळेनं मला दर महिन्याला पगार दिला आणि छत्तीस वर्षं मुली दिल्या, त्याचे उपकार त्याहून मोठे आहेत. आणि शेवटी म्हणाल्या, हा झगा शिवणारा आणि बसवणारा दोघंही इथं बसले आहेत, त्यांनी उभं राहावं. काकांना उठायला वेळ लागला. तोवर मी एकटाच उभा, पाचशे बायका माझ्याकडं बघून टाळ्या वाजवतात. कुठं पाहावं कळेना, म्हणून पंख्याकडं पाहिलं.

डोमाजीकाका बाईंना भेटले तेव्हा फक्त पट्ट्याची कड हातात धरून म्हणाले, तुरपाई चांगली केली पोट्ट्यानं. बाई म्हणाल्या, शिकवणारा चांगला मिळाला त्याला.

७ जानेवारी, मंगळवार

झगा न्यायला गेलो. बाईंनी दार उघडलं ते त्याच झग्यात. हातात झारी, कुंडीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "देत नाही रे आता. लागतो मला." शब्द मोडल्याबद्दल माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या बाई, डावी बाजू सातची आहे, दुसऱ्या कोणाला बसणारही नाही.

मॅडमना सांगितलं. खूप बोलल्या. अल्टरेशनचं काम दुसऱ्याला देते म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण फोन ठेवल्यावर भूक लागली.

१० जानेवारी, शुक्रवार

बाईंनी निरोप पाठवून बोलावलं. गेलो तर ओसरीवर दोन बायका बसलेल्या. एक अन्नपूर्णाबाई, इथल्याच, शाळेच्या कार्यक्रमात झगा पाहून आलेल्या. दुसरी शकुबाई, सेलूकडच्या खेड्यातली. तिघींची ओळख दवाखान्यातली, दर तीन महिन्यांनी तपासणीला एकाच बाकावर बसतात. अन्नपूर्णाबाईंना झगा हवा आहे, घरात घालायचा का होईना. शकुबाईंना साधं पोलकं, लुगड्यावरचं.

बाई मला म्हणाल्या, या दोघींचं माप माझ्यासारखंच आहे, तेव्हा तुला जमेल.

मी दोघींकडं पाहिलं. एक कापसाच्या गाठीसारखी, दुसरी तुरीची काडी. मापं सारखी कशी? पण बाई उगाच बोलत नाहीत.

शकुबाईंनी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "हा पोट्टा घेईन का माप?"

"तो घेत नाही," बाई म्हणाल्या. "आपण सांगायचं. तो लिहून घेतो. विचारत काही नाही."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. अन्नपूर्णाबाईंची उजवी बाजू कमी निघाली, शकुबाईंची डावी. शकुबाईंना आकडे वाचता येत नव्हते, तर बाईंनी टेपवर बोट ठेवून त्यांना वाचायला शिकवलं, आणि मग त्यांनी स्वतः सांगितलं. मोठ्यानं, दोनदा. साडेसहा. साडेसहा.

दोघींना मी नीट विचारून घेतलं, झोळ कुठं नको, घट्ट कुठं नको. जुनी पोलकी त्यांनी सोबत आणली होती, ती मी घेतली नाहीत.

तिकीट मंगळवारचं होतं, रद्द केलं. ताईनं विचारलं, आता काऊन नाही जात? सांगितलं, एक पोलकं आणि एक झगा शिवायचा आहे, आणि शकुबाई म्हणत होत्या की त्यांच्या बाकावर आणखी बायका बसतात.